सहाणेवरचे वेढे

(लालबाग. चाळीतली खोली. खिडकीखाली सहाण, शेजारी उघडा स्टीलचा डबा.)

बाळाची गुटी उगाळायची आहे. सहाण उकळत्या पाण्यानं धुऊन झाली आहे. तिच्यावर पडताहेत आईच्याच दुधाचे थेंब. त्यात आजी आधी हळकुंड फिरवतात. एकच वेढा, म्हणजे सहाणेवर एकच फेरी. मग सुंठ, अर्धा. वेखंड त्याहून कमी. जायफळ नुसतं टेकवल्यासारखं, कारण ते जास्त झालं की मूल गुंगतं. बदाम आणि खारकेला मात्र हात सढळ.

हाताकडे नीट बघा. वाटी नाही, चमचा नाही, तराजू नाही. माप आहे ते वेढ्याचं. मूल महिन्यानं मोठं झालं की वेढा वाढतो, आणि तोही सगळ्या काष्ठौषधींचा, म्हणजे या वाळलेल्या मुळाफळांचा, नाही.

डब्यातली ही पिळवटलेली मुरुडशेंग. पोटात कळ येते असं वाटलं तर ती. शी अडली तर बाळहिरडा. खोकल्याला काकडशिंगी, दिसते शेंगेसारखी, पण असते किड्यांमुळे झाडावर धरलेली गाठ. मायफळाचंही तसंच. शिवाय अतिविष, ज्येष्ठमध, डिकेमाली, सागरगोटा. उगाळून झालं की प्रत्येक तुकडा पुसून, वाळवूनच डब्यात परत जातो, नाहीतर बुरशी धरते.

आज कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आजी ठरवतात ते लंगोट बघून. शी पिवळी की हिरवी, फेसाळ आहे का. पोट टम्म आहे का. रात्री पाय पोटाशी घेऊन रडलं का. अंगावर पिताना मध्येच सोडून देतं का. हे सगळं रोज सकाळी, आंघोळीच्या आधी. औषधांची नावं कुणीही पाठ करील; खरी विद्या या बघण्यात आहे, आणि ती सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे अशीच, शेजारी बसून येते.

(मसाल्याचा बाजार. मिरच्यांच्या राशी, काष्ठौषधींच्या दुकानातल्या बरण्या.)

इथे सगळं सुटं मिळतं. आणि तयार पूडही मिळते, पाकिटात, सगळं एकत्र दळलेलं. घाईत असलेली आई तीच उचलते, तिला दोष कसा देणार? पण एकत्र दळलेल्या पुडीतून जायफळ वगळता येत नाही. आज सुंठ नको, असं म्हणता येत नाही.

(खोली. बाळ मांडीवर.)

पूर्वी गुटी बाराव्या दिवसापासून सुरू व्हायची. या घरात सहा महिने थांबले. जागतिक आरोग्य संघटना आणि बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असं: पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, वर्षाच्या आत मध नाही; आणि बालरोगतज्ज्ञांची आणखी भर: वेखंड, जायफळ प्रमाणाबाहेर गेलं तर अपाय होतो, आणि मूल मलूल झालं, दूध ओढेना, तर सहाण बाजूला ठेवून थेट दवाखाना.

(परात. फडक्यातली नाचणी, पांढरे मोड.)

बाळाचं उष्टावण झालं आहे, म्हणून हे नाचणीचं काम निघालं. रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. ते सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजायचे, दळायचे आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. एवढा खटाटोप कशासाठी? मोड आलेल्या धान्यातली विकरं (एन्झाइम) पिष्ट (स्टार्च) तोडतात, त्यामुळे पेज चटकन घट्ट होत नाही. म्हणजे चार चमच्यांत भरणाऱ्या इवल्या पोटात पीठ जास्त जातं. विकर हा शब्द आजींनी ऐकलेला नाही, पण मोडाशिवायची पेज ‘चिकट होते, बाळाला जात नाही’, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

(गॅलरीतून दिसणारी गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर.)

याच गिरणगावात बाळांना आणखी एक गोष्ट दिली जायची. अफूची गोळी. आई गिरणीत पाळीवर गेली की मूल निजून राहावं म्हणून. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांची पाहणी झाली, तिच्यात हे नोंदलं गेलं. १९३१च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालातही ते आहे. त्या बायांना काय अक्कल नव्हती? वेढे मोजायला बसायची उसंत नव्हती. मुंबई प्रांतानं १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, देशातला पहिला. तो गिरण्या-कारखान्यांतल्या अशाच बायकांसाठी होता.

आज कायद्यात पगारी रजा २६ आठवड्यांची आहे, २०१७ पासून. त्यातले ८ बाळंतपणाआधी घेतले तर मांडीवर मूल असताना उरतात १८, सहा महिन्यांना पुऱ्या न पडणारे. या घरातली सून चार घरी स्वयंपाक करते. तिला यातलं काहीच लागू नाही. तिसऱ्या महिन्यात ती कामावर गेली.

(ओटा. झाकणाचं स्टीलचं भांडं, वाटी, चमचा.)

जाण्याआधी ती दूध काढून ठेवते. हे आजींना माहीत नव्हतं, आरोग्य सेविकेनं शिकवलं: उकळलेलं भांडं, घट्ट झाकण, बाहेर ठेवलं तर ४ तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नाही. मे महिन्यात ४ तास वाट बघायची नाही, ही भर आजींची स्वतःची. तेवढ्या वेळात लागणार नाही ते दूध मात्र काढल्या काढल्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये जातं. वरचा कप्पा तिनं त्यासाठी मोकळा करून दिला आहे.