चालत्या गाडीत न्यूट्रल नको

(दृश्य: पन्हाळ्याहून खाली येणारा रस्ता, वळणावर एक कार)

पन्हाळ्याहून खाली येताना आपल्याकडं अजून बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. उतार आहे, गाडी आपोआप चाललीय, तेवढंच पेट्रोल वाचतंय, असा हिशोब. कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासूनची सवय आहे ही. पण तुमची गाडी मॅन्युअल गिअरची हायब्रीड, म्हणजे इंजिनला इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेली, असेल तर भावांनो, ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच तुम्ही ह्या सवयीनं बंद करून टाकताय.

कसं ते बघा. आपल्या रस्त्यावर ज्या मॅन्युअल हायब्रीड दिसतात, म्हणजे २०१५ ला मारुतीनं सियाझ आणि अर्टिगा डिझेलमध्ये एसएचव्हीएस ही हायब्रीड सिस्टीम आणली तिथपासून ते २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटाराच्या मॅन्युअल मॉडेलपर्यंत, ह्या माइल्ड हायब्रीड आहेत. नुसत्या मोटरवर त्या पळत नाहीत. इंजिनला बेल्टनं जोडलेली एक मोटर असते, तीच सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत चालू करते, तीच करंट तयार करते, पिकअप घेताना थोडा जोर लावते आणि एक्सलेटर सोडला की चाकांच्या ताकदीवर फिरून बॅटरी भरते.

आता मेन मुद्दा. ही मोटर इंजिनला जोडलीय, चाकांना नाही, मधे क्लच आणि गिअरबॉक्स आहे. न्यूट्रल केलं किंवा क्लच दाबून धरला की चाकं आणि मोटरचा संबंधच तुटला, ब्रेकिंगचं चार्जिंग बंद, आणि वर इंजिन चालू राहायला पेट्रोल जाळतच राहतं. उलट गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचलला तर इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतात, आरपीएम आयडलच्या (पाय न देता इंजिन फिरतं त्या वेगाच्या) जवळ येईपर्यंत इंजिनला चाकंच फिरवत असतात. डॅशबोर्डवर एनर्जी फ्लोचा स्क्रीन असेल तर शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, बॅटरीकडं जाणारा बाण न्यूट्रल केल्या केल्या गायब होतो.

होंडानं १९९९ ला इन्साइट ही हायब्रीड काढली होती, ९९५ सीसी, तीन सिलिंडर, पाच गिअर मॅन्युअल. तिच्यात मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसवलेली, बेल्ट नव्हता, तरी नियम हाच, कारण क्लच मोटरच्या पुढं, गिअरबॉक्सच्या बाजूला.

(दृश्य: घाट, गिअर लिव्हरवर हात)

घाटात तर हा जिवाचा विषय आहे. ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरा असं जुने ट्रकवाले सांगतात ते शंभर टक्के खरंय. गगनबावड्याच्या करूळ घाटात किंवा आंबा घाटात न्यूट्रलवर आलात तर सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. किल्ली फिरवून इंजिन बंद करणं तर अजिबातच नको, दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि पॉवर स्टिअरिंग पण जातं. ह्या गाड्यांची बॅटरी लहान असते, मोठ्या उतारावर लवकर भरते आणि चार्जिंग थांबतं, तरी गिअर सोडू नका, पेट्रोल बंदच आहे आणि इंजिन गाडी धरून ठेवतंय. उतार अगदी थोडा असेल आणि गाडी उगाच मंदावत असेल तर टॉप गिअर आणि हलका पाय, एवढं बास.

(दृश्य: संध्याकाळ, कोल्हापुरातला दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल)

गावात चालत्या गाडीला नियम तोच, थांबल्यावर मात्र बरोब्बर उलटं. लांबून लाल दिवा दिसला की पाय उचला, गिअरमध्येच गाडी येऊ द्या, बॅटरी भरू द्या, अगदी थांबायच्या आधी क्लच. आणि थांबल्यावर न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडा, कारण तेव्हाच इंजिन आपोआप बंद होतं, आणि क्लच दाबला की परत चालू. आपल्याकडं लोक पहिला गिअर टाकून, क्लच दाबून सिग्नल सुटायची वाट बघत बसतात, मग इंजिन बंद होतच नाही आणि म्हणतात हायब्रीडचा काय उपयोग. इंजिन थंड असेल, बॅटरी उतरली असेल, एसीवर लोड असेल तरी ते बंद होत नाही, तो बिघाड नाही.

निघताना फार दबकत पण निघू नका. मध्यम जोरानं उचला, पेट्रोल गाडी असेल तर २,००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाका, तिथंच मोटरची मदत मिळते. धडधडेपर्यंत चौथ्यात ओढणं हे ॲव्हरेज नाही, इंजिनचे हाल आहेत.

हायवेला मोटरचा फायदा कमीच, तिथं सगळं स्पीडवर. ८० चा १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, म्हणून शिरोलीतून पुण्याकडं निघालात की ८०-९० ला पाचव्यात शांत चला. उसाच्या ट्रॉलीमागं आलात तर अंतर ठेवा, सारखं ब्रेक-रेस, ब्रेक-रेस केलं की सगळं ॲव्हरेज तिथंच जातं.

टायरमधली हवा थंड टायरला चेक करा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. आणि ॲव्हरेज काढायचं तर स्क्रीनवर नाही, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत, आणि गावातलं आणि हायवेचं वेगवेगळं लिहा.