गाव कागदावर चढलं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आपलं नागपूर वसवलं छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं, 1702 च्या सुमारास. राजापूर-बारसा नावाच्या बारा वाड्या होत्या, तिथे. त्यानंच बाहेरचे शेतकरी आणि कारागीर बोलावून आपल्या मुलखात वसवले. म्हणून ‘परके आले आणि आदिवासी बुडाले’ एवढ्यावर ही गोष्ट मिटवता येत नाही. परके आधीही येत होते. पुढे भोसलेही आले.

इंग्रजांचं येणं निराळं. डलहौसीनं 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिलं. ते नाव आपल्याला ठाऊक असतं. पण माझ्या मते फासापेक्षा खोल घाव घातला तो बंदोबस्ताच्या, म्हणजे जमिनीची मालकी आणि सारा (शेतसारा) ठरवणाऱ्या, दप्तरानं.

1861 मध्ये नागपूर धरून इंग्रजांचा मध्य प्रांत झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत, म्हणजे याच बंदोबस्तात, गावचा सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. मालकी आली की ती गहाण पडते, कोर्टाच्या लिलावात जाते. गोंड मालगुजारही होतेच. पण बियाण्याला, लग्नाला कर्ज काढलं, कागदावर अंगठा उठवला, की पुढेमागे गाव सावकाराच्या नावावर चढायचं. सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. आदिवासींच्या जमिनी इतरांकडे जाण्यावर बंधन घालणारा कायदा मध्य प्रांतात झालाही. कधी? 1916 मध्ये!

जंगलाचं तेच. 1867 मध्ये रेल्वे नागपुरात पोचली, रुळांखाली लाकूड हवं झालं. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलाच्या रेषा पक्क्या केल्या. रेषेच्या आत ढोरं चारली, सरपण तोडलं, तरी गुन्हा. झाडं तोडून, जाळून राखेत बी फेकायची बेवर शेतीही बंद होत गेली. नांगरानं धरणीमायची छाती फाटते असं मानणाऱ्या बैगा आदिवासींना मंडला जिल्ह्यात 1890 मध्ये एक ‘बैगा चक’ आखून दिलं, बेवर करायची तर तेवढ्यातच. घरी गाळायची मोहाची दारूही आबकारीच्या ठेक्यात गेली.

इंग्रज गेले, वन कायदा राहिला. 2006 मध्ये वनहक्क कायदा झाला, 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी आपलाच बांबू विकायला लागणारं वाहतूक पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं ते 2011 मध्ये.