उभी राहिली, गायली नाहीत

(मुख्याध्यापकांच्या एका सभेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘राष्ट्रगीत न म्हणण्याचा हक्क’ असं छापलंय. ते वाचून दोनतीन जणांनी चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, असा हक्क आहे का हो खरंच? आहे. 1986 पासून आहे. असा मुलगा तुमच्या परिपाठात उभा असेल तर तुम्ही काय करायचं, तेही सांगणार आहे. पण आधी परिपाठाबद्दल थोडं बोलू द्या, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो.

घंटा होते, रांगा लागतात, वर्गनायक ओरडतो: ‘राष्ट्रगीत के लिए सावधान! एक साथ राष्ट्रगीत शुरू करेंगे, शुरू कर!’ दिवसभर मराठीत चालणाऱ्या शाळेत एवढी एकच आज्ञा हिंदीत का, याचं उत्तर कुणाकडे असेल तर जेवताना सांगा. मग राष्ट्रगीत. पूर्ण गीताला सुमारे 52 सेकंद लागावेत, असं गृहखात्याच्या आदेशात आहे. ठरावीक प्रसंगी वाजतं ते पहिल्या आणि शेवटच्या ओळीचं संक्षिप्त रूप, त्याला सुमारे 20. आपल्या पेटीवाल्या सरांना 52 पुरत नाहीत, कारण ‘जय हे’ला ते हरकत घेतात. ‘सिंध’चं ‘सिंधू’ होतं, ‘उच्छल’चं ‘उच्चल’ होतं. स्पीकरवर रेकॉर्ड लावली तर तिची पट्टी पोरांच्या गळ्याला झेपत नाही. शेवटी सूर चढला की पुढच्या रांगेतल्या चार मुली गातात आणि मागच्या रांगा नुसते ओठ हलवतात. ओठ हलवणाऱ्याला आजवर कुणी शाळेतून काढलेलं नाही. जो प्रामाणिकपणे तोंड मिटून उभा राहतो, त्याचीच चौकशी होते.

राष्ट्रगीत झालं की राज्यगीत. 19 फेब्रुवारी 2023 पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’. मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, कुठे पसायदान, कुठे दोन मिनिटं मौन. आपण याला एकच नाव देतो, परिपाठ, आणि एकच नियम लावतो: सगळ्यांनी सगळं म्हणायचं. कायद्याच्या नजरेत मात्र ही सगळी एका वजनाची मंडळी नाहीत. माझं आजचं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

प्रतिज्ञेचंच घ्या. ती तेलुगूत लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, 1962 मध्ये. गृहस्थ विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते, म्हणजे ट्रेझरीत. बिलं अडवणाऱ्या खात्यातल्या माणसाने ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ लिहिलं, हे तुमच्यापैकी ज्यांची वेतनबिलं अडकली आहेत त्यांनी लक्षात ठेवावं. (हशा.) ती पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. पण तिथे कुठेही ‘उजवा हात खांद्याइतका उंच, सरळ पुढे’ असं छापलेलं नाही. तो हात आपणच लावला, आणि आता तो खाली आला की पीटीचे सर पट्टी घेऊन येतात. अमेरिकेतल्या शाळांतही ध्वजाच्या प्रतिज्ञेला असाच हात पुढे करत. ती प्रतिज्ञा 1892 ची, फ्रान्सिस बेलामी यांची. ती छापणारं मासिक शाळांना झेंडेही विकत असे, हे जाता जाता. पुढे हिटलरच्या सभांचे फोटो आले आणि आपली पोरंही तसाच हात करतात हे लोकांच्या ध्यानात आलं. डिसेंबर 1942 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलून हात छातीवर आणला. हाताची ठेवण पवित्र नसते, बदलता येते, एवढंच म्हणतोय. पट्टी कपाटात ठेवा.

आता किडंगूर. याला मी जरा वेळ घेणार, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये.

केरळात कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर गावी एक हायस्कूल. तिथे बिजो दहावीत, बिनू मोल नववीत आणि धाकटी बिंदू पाचवीत, अशी तीन भावंडं. घर यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं. देवाखेरीज कुणाचंही स्तवन गायचं नाही, ही त्यांची श्रद्धा, मग तो देश कुठलाही असो. मुलं रोज राष्ट्रगीताला सगळ्यांबरोबर ताठ उभी राहत, फक्त गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहून गेल्या होत्या. कुणाला काही खटकलं नव्हतं.

जुलै 1985 मध्ये एका आमदारांना ते खटकलं. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. चौकशी समिती नेमली गेली. तिने अहवाल दिला की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा कसलाही अनादर केलेला नाही. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकांनी तोंडी-लेखी काय ती सूचना दिली, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी 26 जुलैपासून तिन्ही मुलांना काढून टाकलं. वडील भेटायला गेले, निदान सरकारचा आदेश येईपर्यंत तरी मुलांना बसू द्या म्हणाले. बाई म्हणाल्या, माझा नाइलाज आहे. या सभागृहातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ असेल. वरून फोन येतो, कागद येत नाही, आणि सही मात्र आपली लागते.

उच्च न्यायालयात आधी एका न्यायमूर्तींपुढे आणि मग खंडपीठापुढे मुलं हरली. तिथे राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला गेला. कुणाच्याही धर्मभावनेला धक्का लागेल असं त्यात काही नाही, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबरच आहे, पण प्रश्न तो नव्हताच. 11 ऑगस्ट 1986 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी नेमकं हेच सांगितलं. ती श्रद्धा आपल्याला पटते का, हे बघायचंच नाही. ती त्या माणसाची खरीखुरी, मनापासूनची आहे का, एवढंच बघायचं.

आणि इथे मला आवडणारा भाग येतो. या मुद्द्यासाठी निकालात एक जुना उतारा येतो, मुंबई उच्च न्यायालयाचा. पारशांमध्ये वर्षाच्या शेवटी मुक्ताद नावाचे विधी असतात, पितरांसाठी. त्यासाठी ठेवलेली देणगी धर्मादाय म्हणून वैध आहे का, असा तो खटला. न्यायमूर्ती म्हणाले, समाजाची अशी श्रद्धा आहे हे सिद्ध झालं की धर्मनिरपेक्ष न्यायाधीशाने ती स्वीकारायची, तिचा न्यायनिवाडा करायला बसायचं नाही. हे न्यायमूर्ती कोण? दिनशा दावर! (सभागृहात कुजबुज.) हो, तेच. 1908 मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे. टिळकांच्या लेखणीपुढे त्यांचं मन इतकं मोठं झालं नाही, पण पितरांच्या बाबतीत त्यांनी लिहिलेली ओळ पाऊणशे वर्षांनी केरळातल्या तीन पोरांच्या कामी आली. इतिहासाच्या शिक्षकांनी हे वर्गात सांगायला हरकत नाही.

अमेरिकेतला किस्सा अर्ध्या मिनिटात. पंथ तोच, प्रश्न ध्वजवंदनाचा. 1940 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय आठ विरुद्ध एक मतांनी मुलांच्या विरोधात गेलं. लगेच त्या पंथाच्या लोकांवर हल्ले सुरू झाले, त्यांची प्रार्थनागृहं जळली. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 ला, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल उलटवला. दोन्ही खटल्यांत कुटुंबाचं आडनाव कोर्टाच्या कागदांत चुकलं ते चुकलंच. म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या चुका फक्त आपल्याकडेच होतात असं नाही.

माझी एक तक्रार मांडतो आणि मुद्द्यावर येतो. किडंगूरच्या निकालाबद्दल फॉरवर्ड फिरतात की कोर्टाने उभं न राहायला परवानगी दिली. साफ खोटं. मुलं उभी होती, आणि उभं राहणं हाच पुरेसा आदर, असं कोर्ट म्हणालं. बसून राहणाऱ्याचं काय, हा प्रश्न तिथे आलाच नव्हता. दुसरी गल्लत चित्रपटगृहांची. 30 नोव्हेंबर 2016 च्या आदेशाने सिनेमाआधी राष्ट्रगीत सक्तीचं झालं, 9 जानेवारी 2018 ला ती सक्ती गेली. त्याचा शाळेशी काही संबंध नाही. तेव्हाचा एक धडा मात्र शाळेलाही लागू आहे: जो उभाच राहू शकत नाही त्याच्याकडे आधी नीट बघा. 2016 मध्ये पणजीत चाकाच्या खुर्चीतल्या एका लेखकाला सिनेमागृहात उभा राहिला नाही म्हणून मारहाण झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे जे कबूल केलं होतं ते आता पळत पळत.

राष्ट्रगीताबाबत शिक्षेचा कायदा आहे, 1971 चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा. कलम 3 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, पण कुणाला? जो मुद्दाम इतरांचं गाणं थांबवतो किंवा त्यात अडथळा आणतो त्याला. गप्प उभा असलेला त्यात येत नाही. प्रतिज्ञेचं नाव त्या कायद्यात नाही. राज्यगीत आणि 26 जानेवारी 2020 पासूनचं उद्देशिकेचं वाचन शासनाच्या आदेशाने आलं. शाळेने ते कार्यक्रमात ठेवायचंच, पण एखाद्या मुलाच्या अभिव्यक्तीवर बंधन घालायचं तर अनुच्छेद 19(2) प्रमाणे कायदा लागतो, परिपत्रक पुरत नाही. केरळ सरकारची परिपत्रकं नेमकी याच कारणाने टिकली नाहीत. प्रार्थना देवाची असेल तर अनुच्छेद 28(3) येतो: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय उपासनेला हजर राहायची सक्ती नाही, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची. शिक्षकांचंही सांगतो. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेला हात जोडत नव्हते, म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला.

प्रत्यक्षात करायचं काय? मूल गात नसेल तर रांगेत सगळ्यांसमोर विचारू नका. पहिली तासिका होऊ द्या. आधी घसा बसलाय का, शब्द येत नाहीत का, तोतरेपणा आहे का, ते पाहा. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. श्रद्धेचं कारण निघालं तर पालकांना बोलवा, त्यांच्याकडून चार ओळींचा अर्ज घ्या, आवक क्रमांक टाका, वर्गशिक्षकांना कळवा. मूल शांत उभं राहील, इतरांना त्रास देणार नाही, एवढंच अर्जात हवं. माफीनामा लिहून घेऊ नका. त्याला वेगळ्या रांगेत उभं करू नका, परिपाठ संपेपर्यंत फाटकाबाहेरही ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मानसिक छळालाही मनाई आहे, आणि कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला काढून टाकताच येत नाही. वरून फोन आला तर म्हणा, साहेब, लेखी पाठवा. बरेच फोन तिथेच थांबतात. कागद आलाच तर त्याला उत्तर द्या आणि सोबत 1986 च्या निकालाची प्रत जोडा.

नववी-दहावीच्या मुलांना ते कलम 16 लागू नाही, म्हणून तिथे जास्त जपा. किडंगूरची दोन मुलं याच वर्गांतली होती. आणि असं मूल पुढे दुसऱ्या शाळेत जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहा. शेऱ्यात राष्ट्रगीताचा उल्लेख करू नका. तिथे लिहिलेलं पुढच्या शाळेतले लिपिक आधी वाचतात.

पसायदानाबद्दल विचारायचंय त्यांनी हात वर ठेवा. खांद्याइतका चालेल.