अंगठा पत्र्यावर, नजर कोटेशनवर

नमस्कार, श्रोतेहो.

भुसावळला माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान तीस वर्षं चाललं. आता हातोडी-डॉली मुलाच्या हवाली केली आहे, पण गाडी दिसली की हात अजून पत्र्यावर फिरतोच. चोपडा तालुक्यातला माझा भाचा नवी गाडी घ्यायला निघाला, तेव्हा ताईचा फोन आला, "तू सोबत जा रे भाऊ." केळीचे पैसे हातात आले होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गाडी दारात हवी होती.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या भाच्यानं आपण सगळे करतो तेच केलं. दारावर अंगठा दाबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, पत्रा ते पातय वाटस."

पातळ असतोच. बाहेरचा पत्रा हल्ली साधारण पाऊण मिलिमीटरचा. पण अपघातात माणसाला वाचवतो तो हा पत्रा नाही, त्याच्या आतला सांगाडा. दोन दारांमधला खांब, छताची कड, उंबऱ्याची पट्टी, या जागी जास्त ताकदीचं पोलाद घालतात. पुढचं नाक मात्र मुद्दाम चेपेल असं बनवलेलं असतं. धक्का नाकानं खायचा, बसणाऱ्यानं नाही. ही कल्पना बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरची, त्या कल्पनेचं पेटंट 1952 सालचं. तेव्हा अंगठ्यानं गाडीची मजबुती कळत नाही. ती बघायची असेल तर 'भारत एनकॅप' या गाड्या धडकवून बघायच्या चाचणीत त्या मॉडेलला किती तारे मिळाले ते विचारा. ही चाचणी आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. आणि डेंटर म्हणून एक सांगतो, त्या ताकदीच्या पोलादाला गॅसनं तापवून सरळ करणारा कारागीर भेटला तर गाडी तिथून काढून न्या. तापवलं की त्याची ताकद जाते.

मी विक्रीवाल्या पोराला विचारलं, "बंपर कशाचा?"

"फुल मेटल बॉडी आहे, सर."

माझ्या खिशात कायम एक लोहचुंबक असतं. दाराला लावलं, चिकटलं. बंपरला लावलं, टपकन फरशीवर पडलं. बंपर प्लास्टिकचा. पोरगा हसला, मीही हसलो. त्याचा दोष नाही, त्याला रंगांची नावं पाठ करायला लावलेली असतात. तुम्ही जुनी गाडी घेताना हेच चुंबक फिरवा. एखाद्या जागी ते ढिलं धरलं, तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असं समजा. बॉनेट ॲल्युमिनियमचं असलं तरी चुंबक धरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मग पोरगा "मॅनेजरना विचारून येतो" म्हणून आत गेला. तो आत गेला की चहा येतो. दोन चहा झाले. तेवढ्या वेळात मी भाच्याला कापसाच्या गाडीची गोष्ट सांगितली. खोटी नाही. पूर्व जर्मनीत पोलादाची टंचाई होती, म्हणून त्यांनी कापसाचा टाकाऊ धागा राळेत दाबून गाडीचं बाहेरचं अंग बनवलं. ट्राबांट तिचं नाव. 1957 ते 1991 त्या गाड्या निघत राहिल्या, जवळजवळ तीस लाख. ते अंग कधी गंजत नसे, पण मोडीत निघाल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणाला सुचत नसे. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे आपल्या वावरात गाडी उगवते की!"

कोटेशन आलं. गाडीच्या किमतीखाली ओळींची रांग होती: हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीज पॅक, अंडरबॉडी कोटिंग, विमा. मी म्हटलं, हँडलिंग कशाचं? गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च शोरूमच्या किमतीतच असतो. पोरगा परत आत गेला. तिसरा चहा.

कोटिंगचं ऐका. कारखान्यात गाडीचा सांगाडा गंजरोधक रसायनात अख्खा बुडवून भट्टीत भाजलेला असतो. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही. आपली खरी वैरी काळी माती. चाकाच्या कमानीत ती चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. पाण्याचा जोरदार पाइप मारा, बास. उलट घाईत मारलेल्या कोटिंगनं दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजतात आणि दार आतून कुजतं. असली किती दारं मी कापली, मोजदाद नाही.

विम्याच्या ओळीवर मात्र मी भांडलो नाही, प्रश्न विचारले. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागाला निम्मेच पैसे मिळतात, फायबर ग्लासला तीस टक्के कापतात, काचेला काही कापत नाहीत. पत्र्याला पहिले सहा महिने पूर्ण, पुढे वयाप्रमाणे कपात. पहिला ठोका बंपरलाच बसतो, आणि बंपर प्लास्टिकचा! म्हणून झिरो डेप, म्हणजे ही कपात न करणारं जादा कव्हर, घ्यावं. पण ते याच काउंटरवर घ्यायची सक्ती नाही. "बाहेरून घेतलं तर क्लेम होणार नाही" हे वाक्य पोरानं म्हटलंच. कॅशलेसचा करार त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी आहे का, एवढंच बाहेर चौकशी करून बघायचं. नसला तर आधी बिल भरून मागाहून पैसे मिळतात. कायद्यानं नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो, तेवढा घ्यावाच लागतो.

हँडलिंग निघालं, पॅक निघाला. पैसे भरण्याआधी फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना पाहिला, गेल्या वर्षीची यार्डात पडलेली गाडी नको म्हणून. कुठं दाद लागली नाही तर ग्राहकांसाठी 1915 हा फोन आहे.

आखाजीला गाडी दारात आली. ताईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुसऱ्या दिवशी शोरूममधून फोन आला, "सर, कंपनीकडून कॉल येईल, दहापैकी दहाच द्या, नाहीतर आमचा पगार कापतात." भाच्यानं आठ दिले. पुढचे तीन दिवस त्याचा फोन वाजत होता.

नमस्कार.