युरोपच्या चिल्लरीत काय शोधायचं

[दृश्य: बर्लिनमधली एक बेकरी. काउंटरवरच्या ताटलीत नाणी पडतात.]

दहा युरोची नोट दिली. ब्रेड आणि कॉफीचे साडेतीन युरो झाले. साडेसहा युरोची मोड परत आली: दोन युरोची तीन नाणी आणि पन्नास सेंटचं एक. मागे रांग असते, बॅग सांभाळायची असते, म्हणून बहुतेक प्रवासी ही मोड तशीच खिशात टाकतात. नाणी जमवणाऱ्याने मात्र दारापाशी बाजूला होऊन चारही नाणी उलटून पाहावीत. युरोपात संग्रहाची खरी सुरुवात या सुट्ट्या पैशांतूनच होते. इथे नाणं दर्शनी किमतीला मिळतं, आणि नको असेल तर पुढच्या दुकानात त्याच किमतीला खपतं. इतकी बिनजोखमीची खरेदी या छंदात दुसरी नाही.

युरोची नोट सगळीकडे एकाच रूपाची. नाण्याची एक बाजू मात्र ज्या त्या देशाची असते. १ जानेवारी २००२ ला बारा देशांत युरो लोकांच्या हातात आला. २०२३ मध्ये क्रोएशिया आणि २०२६ मध्ये बल्गेरिया आल्यावर ही संख्या एकवीस झाली. मोनॅको, सान मारिनो, व्हॅटिकन आणि अँडोरा हे चार चिमुकले देशही करारानुसार स्वतःच्या चित्राची युरो नाणी काढतात. कुठलंही नाणं सगळीकडे चालतं, म्हणून पोर्तुगालचं नाणं फिरत फिरत व्हिएन्नाच्या तिकीट यंत्रातून बाहेर येतं.

[दृश्य: काळ्या कापडावर दोन युरोची नाणी. हातात दहापट भिंग.]

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते दोन युरोच्या नाण्याकडे. व्यास २५.७५ मिलिमीटर, वजन साडेआठ ग्रॅम. आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, पण हाताला जड. स्मारक नाणी याच मूल्यात निघतात. पहिलं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी ग्रीसने काढलं, त्यावर थाळीफेक करणारा खेळाडू आहे. सुरुवातीला एका देशाला वर्षाला एकच स्मारक नाणं काढता येत होतं, २०१२ पासून दोन काढता येतात. शिवाय २००७, २००९, २०१२, २०१५ आणि २०२२ मध्ये युरो वापरणाऱ्या देशांनी मिळून एकाच विषयावर नाणी काढली.

नाणं हातात आलं की आधी चित्र पाहा. नेहमीची चित्रं दोन दिवसांत पाठ होतात: जर्मनीचा गरुड, इटलीचा दान्ते, ऑस्ट्रियाची लेखिका बेर्था फोन झुटनर, ग्रीसची बैलावर बसलेली युरोपा, आयर्लंडची वीणा. अशा नेहमीच्या चित्रांपेक्षा वेगळं काही दिसलं तर ते स्मारक नाणं तरी असतं, नाहीतर क्वचित भेटणाऱ्या देशाचं. माल्टाचा आठ टोकांचा क्रॉस, सायप्रसची पोमोसची दगडी मूर्ती, स्लोव्हेनियाचा कवी प्रेशेरेन, एस्टोनियाचा नकाशा ही चित्रं बाजूला ठेवण्यासारखी. हे देश लहान, त्यांनी नाणी कमी पाडली आणि ती घरापासून लांब कमी फिरतात.

मग साल पाहा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. युरो आला २००२ मध्ये, तर नाण्यावर १९९९ कसं? बेल्जियम, फिनलंड, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्पेन नाणं पाडलं ते साल छापतात आणि त्यांच्या टाकसाळी आधीच कामाला लागल्या होत्या. म्हणजे ही चूक नव्हे. अशी नाणी कोट्यवधी आहेत.

त्यानंतर टाकसाळीचं चिन्ह. जर्मनी इथे संग्राहकाला अक्षरशः गुंतवून ठेवते. तिथल्या प्रत्येक नाण्यावर एक बारीक अक्षर असतं: ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. २००६ पासून २०२२ पर्यंत जर्मनीने आपल्या सोळा राज्यांवर दोन युरोची मालिका काढली. २००६ ला ल्युबेकची वेस, २०११ ला कोलोनचं कॅथीड्रल, २०१२ ला नॉयश्वानश्टाइनचा किल्ला. एका राज्याची पाच टाकसाळींची पाच नाणी, म्हणजे सोळा राज्यांची ऐंशी. दर्शनी किंमत एकशेसाठ युरो, वजन सहाशे ऐंशी ग्रॅम. एका सहलीत संच पुरा होणार नाही, पण निम्मी राज्यं जर्मनीतल्या दुकानांतून सहज हाती येतात. सगळी अक्षरं जमवायचा आग्रह सुरुवातीला नको. आधी चित्रं गोळा करा.

[दृश्य: हॅम्बुर्गचं २००८ चं नाणं, आधी चर्चची बाजू, मग नकाशाची.]

या मालिकेतलं २००८ चं हॅम्बुर्गचं नाणं जरा थांबून पाहा. एका बाजूला सेंट मिखाएलिस चर्च. नाणं उलटलं की युरोपचा नकाशा. २००७ पासून हा नकाशा बदलत गेला: जुन्यात पंधरा देशांच्या सीमारेषा कोरलेल्या होत्या, नव्यात सीमा पुसून सलग खंड दाखवला. २००८ च्या नाण्यावर नवा नकाशा हवा. पण श्टुटगार्टमध्ये काही नाणी जुन्या नकाशाच्या ठशावर पाडली गेली आणि चलनातही गेली. अक्षर एफ, चर्च हॅम्बुर्गचं आणि मागे सीमारेषा असलेला नकाशा, असं तिन्ही जुळलं तर ते नाणं खर्च करू नका. ही खरी, नोंदलेली टाकसाळीची चूक आहे आणि संग्राहक तिला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देतात.

सगळ्यात शेवटी कड. दोन युरोच्या कडेवर बारीक रेघा आणि त्यात अक्षरं असतात. जर्मनीच्या कडेवर एकता, न्याय आणि स्वातंत्र्य हे शब्द आहेत. ही अक्षरं कधी सुलट लागतात, कधी उलट. तो फरक योगायोगाचा, दोन्ही प्रकार सारखेच मिळतात, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. कडेवर दुसऱ्याच देशाचा मजकूर असेल तर गोष्ट वेगळी. लिथुआनियाच्या २०२१ च्या झुविंतास अभयारण्याच्या नाण्यात असं झालं: पाचशे नाण्यांच्या कडेवर लाटव्हियाचा मजकूर उमटला.

अफवा मात्र खूप आहेत. ग्रीसच्या २००२ च्या दोन युरोवर खालच्या चांदणीत एस अक्षर दिसतं आणि हे नाणं हजारो युरोंचं आहे असे व्हिडिओ फिरत असतात. त्या वर्षी ग्रीसने काही नाणी फिनलंडमध्ये पाडून घेतली होती, त्याची ती खूण. अशी नाणी सात कोटी आहेत. किंमत दोन युरो. कोणी जास्त मागितलं तर सरळ पुढे चला. किती नाणी पाडली हा आकडा न्यूमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत मिनिटभरात सापडतो आणि किमतीबद्दलच्या बहुतेक दाव्यांचा निकाल तिथेच लागतो.

[दृश्य: भुयारी रेल्वेचं तिकीट यंत्र. नोट आत जाते, नाणी खळखळतात.]

चिल्लर मिळवायची कुठे? भारतीय प्रवासी हल्ली फॉरेक्स कार्डावर सगळं भागवतो, मग नाणं हाताला लागणारच कसं? दिवसाला वीस-तीस युरोची लहान खरेदी रोखीत करा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रोख अजून चांगली चालते. नेदरलँड्स आणि फिनलंडमध्ये फार कमी. तिकीट यंत्रात तीन युरोच्या तिकिटासाठी दहाची नोट घातली तर मोड नाण्यांतच येते, आणि ती दिवसभर लोकांनीच टाकलेली असल्यामुळे चांगली मिसळलेली असते. लाँड्री आणि सुपरमार्केटची स्वतः पैसे भरायची यंत्रंही याच कामाची.

बँकेतून नाण्यांची गुंडाळी मिळाली तर उत्तम. दोन युरोच्या गुंडाळीत पंचवीस नाणी, म्हणजे पन्नास युरो. पन्नास सेंटच्या गुंडाळीत चाळीस, म्हणजे वीस युरो. पण खातं नसलेल्या माणसाला बऱ्याच बँका नकार देतात. जर्मनीत असाल तर बुंडेसबँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, शाखेची चौकशी करा, तिथे चालू वर्षाचं दोन युरोचं स्मारक नाणं दर्शनी किमतीला मिळू शकतं. याच शाखांत जुने जर्मन मार्क आजही मुदतीविना बदलून मिळतात, १.९५५८३ मार्कांना एक युरो या दराने. घरात नातेवाईकांनी पूर्वी आणलेले मार्क पडले असतील तर सोबत न्या. स्पेनच्या पेसेटाची मुदत मात्र ३० जून २०२१ ला संपली.

चिमुकल्या देशांपैकी व्हॅटिकनची नाणी फार वर्षं फक्त महागड्या संचांतच निघत. २०१० पासून पन्नास सेंटचं नाणं चलनातही सोडतात. रोममध्ये असाल तर व्हॅटिकनच्या टपाल कार्यालयात तिकिटं घ्या, नोट द्या आणि मोड नीट पाहा. मोनॅकोचं नाणं मिळालंच तर फ्रान्समधल्या नीसच्या बाजूला. मोनॅकोच्या राजघराण्यातल्या ग्रेस केलीचं २००७ चं दोन युरोचं नाणं मात्र चिल्लरीत शोधू नका. ती नाणी एकूण २०,००१ पाडली, डबीत घालून विकली आणि आज त्यांची किंमत हजारो युरोंत आहे. फुटपाथवर कोणी ते शे-दोनशे युरोंना देत असेल तर ते बनावट आहे, यात शंका नको.

बनावटीचा धोका दोन युरोलाच सर्वाधिक. साधं लोहचुंबक जवळ ठेवा, फक्त बँक कार्डांपासून लांब. खऱ्या नाण्याचा पिवळा मध्यभाग चुंबकाला हलकेच धरतो, कारण त्यात निकेलचा थर आहे. बाहेरचं पांढरं कडं धरत नाही. कडंच घट्ट चिकटलं, किंवा काहीच चिकटलं नाही, तर नाणं बनावट. मग दोन बोटांत वरून-खालून धरून नाणं आडवं फिरवा. दुसरी बाजू सरळ यायला हवी. तिरकी आली तर बाजूला ठेवून नीट तपासा. थायलंडचं दहा बाहत आणि तुर्कस्तानचं एक लिरा ही नाणीही दोन युरोसारखीच दुरंगी आणि जवळपास त्याच आकाराची, तीही गर्दीत मोडीत खपवली जातात.

[दृश्य: लिस्बनमधला फेइरा दा लाद्रा. चादरीवर पसरलेली नाणी.]

युरोच्या आधीची नाणी हवी असतील तर जुन्या बाजारात जावं. माद्रिदच्या प्लाझा मायोरमध्ये आणि बार्सिलोनाच्या प्लासा रेयालमध्ये रविवारी सकाळी नाण्यांचे विक्रेते बसतात. लिस्बनमध्ये फेइरा दा लाद्रा हा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो आणि गोवेकरांनी तो चुकवू नये. तिथल्या ढिगांत पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याची नाणी निघू शकतात: रुपिया, तांगा आणि १९५८-५९ चे सेंटाव्हो-एस्कुदो, ज्यांवर एस्तादो द इंडिया असं लिहिलेलं असतं. ज्या नाण्याने म्हापशाच्या बाजारात सौदा झाला असेल ते लिस्बनच्या चादरीवर भेटावं, ही या छंदातली फार मोठी गोष्ट आहे. लवकर जा, सुटे युरो घेऊन जा आणि आधी स्वस्त नाण्यांचं तबक चाळा. चकचकीत चांदीच्या रुपियापेक्षा मळकट तांब्याचं नाणं खरं असण्याची शक्यता जास्त. स्वस्ताची नक्कल करून कोणाला काही सुटत नाही.

प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांच्या वाटेला प्रवासात जाऊच नये. तुर्कस्तानच्या किंवा ग्रीसच्या अवशेषांपाशी कोणी मुठीतून नाणं दाखवतो. ते एकतर नकली असतं, नाहीतर खोदून चोरलेलं. आणि तिथून पुरावशेष बाहेर नेणं हा गुन्हा आहे. आपल्याकडूनही तसंच. अदलाबदलीसाठी शिवराई किंवा कंपनीचे पैसे नेणारे लोक आहेत. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते असं बाहेर नेता येत नाही. त्याऐवजी अलीकडची वीस रुपयांची बारा कोनांची नाणी न्या, परदेशी संग्राहकाला ती मनापासून आवडतात.

नाणी सांभाळताना सगळ्यात मोठं नुकसान घरीच होतं. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. घासलेलं नाणं चमकतं, पण वरचा मूळ थर गेला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जाते. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतही ठेवू नका. त्यातलं पीव्हीसी कालांतराने चिकट हिरवा थर सोडतं आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते लवकर होतं. पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा २६ मिलिमीटरच्या डब्या घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती पावसाळ्याआधी बदला.

परतताना नाणी एका पिशवीत हातातल्या सामानात ठेवा. दोन युरोची शंभर नाणी म्हणजे साडेआठशे ग्रॅम धातू, क्ष-किरण यंत्रात गडद गोळा दिसतो. पिशवी आधीच वेगळ्या ट्रेमध्ये काढली तर वेळ वाचतो. सोन्या-चांदीची नाणी घेतली असतील तर पावती जवळ हवी. दागिने सोडून इतर रूपातलं सोनं-चांदी भारतीय सीमाशुल्काच्या माफीत बसत नाही, ते लाल मार्गिकेत जाऊन सांगावं लागतं. उरलेली साधी चिल्लर तिथेच संपवा, कारण आपल्याकडचे चलन बदलणारे सहसा नाणी घेत नाहीत. आणि एका वेळी पन्नासपेक्षा जास्त नाणी घ्यायला युरो क्षेत्रातला दुकानदार कायद्याने बांधील नसतो, तेव्हा हा हिशेब शेवटच्या दिवशी सकाळीच उरकून घ्या.