एका खात्याचे दोन मंत्री

[जुनी चित्रफीत : सह्यांचा समारंभ]

३ मार्च १९७८. ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे. शहर सॉल्सबरी, म्हणजे आजचं हरारे. गोऱ्यांनी काळ्यांकडे सत्ता सोपवायच्या करारावर सह्या होताहेत. टेबलाशी बसलेल्या चौघांकडे नीट बघा. चष्मा लावलेले, चणीनं लहान, ते बिशप एबल मुझोरेवा. दुसरे रेव्हरंड न्दाबानिंगी सिथोले; गोऱ्यांच्या याच राजवटीनं त्यांना दहा वर्षं डांबून ठेवलं होतं. तिसरे जमातप्रमुख जेरमाया चिराऊ. आणि चौथे, पंतप्रधान इयन स्मिथ.

१९६५ साली ब्रिटनला न जुमानता याच स्मिथनी ऱ्होडेशियाचं स्वातंत्र्य परस्पर जाहीर केलं. कशासाठी? तर बहुसंख्य काळ्या जनतेच्या हाती राज्य जाऊ नये म्हणून. त्या स्वातंत्र्याला जगातल्या एकाही देशानं मान्यता दिली नाही. व्यापारावर निर्बंध आले, शेजारी मोझांबिक स्वतंत्र झाला, सीमेवरचं युद्ध घरात शिरलं. तेव्हा कुठे स्मिथ या टेबलापर्यंत आले.

चित्रात दोघं नाहीत. रॉबर्ट मुगाबे आणि जोशुआ एन्कोमो. या राजवटीविरुद्ध लढणारी माणसं त्यांची होती.

[छायाचित्रं : नवे मंत्री]

करार झाला आणि हंगामी सरकार बसलं. चौघांचं कार्यकारी मंडळ, अध्यक्षपद आळीपाळीनं, निर्णय एकमतानं. एकमतानं, म्हणजे चौघांपैकी कुणीही अडवू शकणार. पंतप्रधान मात्र स्मिथच. त्याखाली मंत्रिमंडळ, आणि खरी गंमत इथे आहे : प्रत्येक खात्याला दोन मंत्री. एक गोरा, एक काळा. दर्जा सारखा, अधिकार सारखे. निदान कागदावर.

कायदा-सुव्यवस्था खात्यात मुझोरेवांच्या पक्षाचे बायरन होव्ह बसले. पेशानं वकील. पोलिसांत आणि न्यायखात्यात काळ्यांना वरच्या जागा मिळायला हव्यात, असं ते जाहीरपणे बोलले. मंत्र्यानं आपल्याच खात्याबद्दल बोलावं, यात वावगं काय? पण गोरे अधिकारी बिथरले. शब्द मागे घ्या, असं होव्हना सांगण्यात आलं. त्यांनी घेतले नाहीत. एप्रिल संपायच्या आत त्यांचं मंत्रिपद गेलं.

मुझोरेवांच्या पक्षात बराच खल झाला, सरकारातून बाहेर पडायची भाषाही झाली. बिशप आत राहिले. पुढच्या सगळ्या घडामोडींचा उलगडा मला याच एका निर्णयात दिसतो.

सत्ता सोपवायचा वायदा ३१ डिसेंबर १९७८चा होता. तो टळला.

[रंगीत चित्रफीत : मतदानाच्या रांगा]

एप्रिल १९७९. या रांगा बघा. द्रवात बोट बुडवून आत जाणाऱ्या बहुतेकांचं हे आयुष्यातलं पहिलं मत. काळ्यांच्या ७२ जागांपैकी ५१ मुझोरेवांच्या पक्षाला मिळाल्या.

पण सभागृह होतं १०० जणांचं. उरलेल्या २८ जागा गोऱ्यांच्या, आणि लोकसंख्येत गोरे शंभरात चारही नव्हते. घटनेतली महत्त्वाची कलमं बदलायला ७८ मतं लागायची. बेरीज करा : काळे सदस्य झाडून सारे एकत्र आले तरी ७२. म्हणजे किमान सहा गोरी मतं हवीतच. सैन्य, पोलीस, न्यायालयं, नोकरशाही यांच्या नेमणुकांचे नियमही असे बांधले होते की वरच्या खुर्च्या हलू नयेत.

[नवा ध्वज]

१ जून १९७९ला देशाचं नाव झालं झिंबाब्वे ऱ्होडेशिया. हा त्याचा ध्वज. कोपऱ्यात झिंबाब्वेचा दगडी पक्षी. राष्ट्राध्यक्ष जोसाया गुमेडे, पंतप्रधान मुझोरेवा. मंत्रिमंडळात स्मिथ होतेच, बिनखात्याचे मंत्री म्हणून. बिनखात्याचे!

मान्यता याही देशाला कुणी दिली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं निवडणूकच रद्दबातल ठरवली. मुझोरेवांच्याच पक्षाचे जेम्स चिकेरेमा सात खासदारांना घेऊन फुटले. युद्ध थांबलं नाही. सगळ्या वर्षांचा हिशेब धरला तर त्यात किमान २०,००० माणसं गेली.

[लंडन : लँकेस्टर हाउस]

सप्टेंबरमध्ये लंडनला बोलणी सुरू झाली. या वेळी मुगाबे आणि एन्कोमो टेबलाशी होते. १२ डिसेंबरला ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड सोम्स सॉल्सबरीत उतरले आणि बिशपांचं सरकार संपलं.

फेब्रुवारी १९८०च्या निवडणुकीत मुगाबेंच्या पक्षाला ५७ जागा मिळाल्या, एन्कोमोंच्या पक्षाला २०. मुझोरेवांना ३. गोऱ्यांसाठी या सभागृहातही २० जागा राखीव होत्या. त्या वीसही स्मिथ यांच्या पक्षानं जिंकल्या.