अनेक वर्षांनी पुन्हा बर्फावर, तेही एकट्यानं

श्रोतेहो, नमस्कार. पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्कीइंग शिकलात, मग नोकरी-संसारात ते मागे पडलं, आणि आता एकट्यानंच गुलमर्गला जायचा बेत आहे? जरूर जा. तोल शरीर सहसा विसरत नाही. मांड्यांची ताकद मात्र जाते, आणि माळ्यावर ठेवलेले बूटही जातात.

स्कीच्या बुटाचं कवच प्लास्टिकचं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून ते आतून ठिसूळ होतं आणि वरून धड दिसणारा बूट ऐन उतारावर तडकतो. तेव्हा बूट तिथेच भाड्यानं घ्या. आतलं मऊ अस्तर काढा, पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दोन बोटं मावली की माप बरोबर. तीन मावली तर बूट मोठा. मोजा एकच आणि पातळ. दोन चढवले की पाय आवळतो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट गारठतात.

याहून महत्त्वाचं बाइंडिंग, म्हणजे पडल्यावर बूट स्कीपासून सोडवणारा चाप. तो किती घट्ट ठेवायचा हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची स्की करण्याची धाटणी यांवरून तक्त्यात पाहून ठरतो. तळाची लांबी बुटाच्या टाचेकडच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. दुकानदार ती वाचतो का, बघा. तुमचा जुना आकडा त्याला सांगूच नका. वयाची 50 वर्षं झाली की तक्त्यातला आकडा एक पायरी खाली येतो. चाप फार घट्ट राहिला, तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

निघण्याआधी निदान 6 आठवडे जिने उतरायचा सराव करा, नुसता चढायचा नको. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. स्कीवरही तेच होतं. पुणेकरांनी सिंहगड सावकाश उतरावा.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे, म्हणून पोहोचल्या दिवशी विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक घेऊन खालच्या मैदानातच वळणं आणि थांबणं घोटा. मग गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा, कोंगदूरी. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथला बर्फ यंत्रानं दाबलेला नसतो, हिमस्खलनाचा धोका असतो. तिथे एकट्यानं जाऊच नका. बर्फाखाली गाडले गेलात, तर अंगावरचा ट्रान्सीव्हर, म्हणजे रेडिओ संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, तुमचा संकेत फक्त पाठवत राहतो. तो ऐकून बर्फ उकरायला दुसरं माणूस जवळ हवं. अनुभवी स्थानिक गाइड घ्या, त्याच्याकडे ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे ना, ते निघण्याआधी पाहा.

काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार, ते रोज हॉटेलात सांगून निघा. आणि दुपारी मांड्या थरथरू लागल्या, की स्की काढून गंडोलानंच खाली या.